लक्ष्यवेधी औषध : नेम कोणाचा आणि वेध कशाचा?

औषधांविषयीच्या लोकप्रिय लेखांत अलीकडे 'लक्ष्यवेधी औषध' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. कर्करोग असो, संधिवात असो की ठिसूळ झालेली हाडे असोत, नवे औषध 'थेट रोगाच्या जागी जाऊन' काम करते असे सांगितले जाते. सोबत बहुधा एक चित्र असते. रक्तवाहिनीतून सुटलेला बाण आणि त्याच्या टोकासमोर रोगट पेशी. मराठी वाचकाला हे चित्र समजावून द्यावे लागत नाही. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा तेवढा पाहणारा अर्जुन आपल्या मनात लहानपणापासून बसलेला असतो.

या चित्राविषयी माझी तक्रार आहे. ते सोपे आहे, आकर्षक आहे, आणि त्यामुळेच एक महत्त्वाचा प्रश्न त्याच्याआड झाकला जातो. औषध ठरावीक जागी पोचले, हे एक विधान. औषधाने रोग्याला बरे वाटले, हे दुसरे. आणि औषध त्या जागी पोचले म्हणूनच रोग्याला बरे वाटले, हे तिसरे. या तीन विधानांना तीन वेगवेगळे पुरावे लागतात. लोकप्रिय लेखांत, आणि कधी कधी संशोधन-निबंधांच्या प्रस्तावनेतसुद्धा, ती एका दमात म्हटली जातात. विज्ञान शिकवणाऱ्याने ती सुटी करून पाहायला हवीत.

उदाहरणादाखल आपण हाडांच्या रोगांवरील पेप्टाइड औषधे घेऊ. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. साखळी बरीच लांबली की तिला आपण प्रथिन म्हणतो. हाडाचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. 'पत्ता लिहिलेले औषध' ही कल्पना इतर बहुतेक अवयवांपेक्षा हाडाच्या बाबतीत अधिक पक्क्या पायावर उभी आहे. कच्च्या दाव्याची परीक्षा घेऊन फारसे काही शिकायला मिळत नाही. चांगल्या दाव्याची घेतली तर मिळते.

हाड कशाला धरून ठेवते?

कोंबडीच्या तंगडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा प्रयोग अनेक शाळांत होतो. हाड रबरासारखे वाकू लागते. त्यातील खनिज आम्लात विरघळून जाते आणि मागे उरते ते मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचा स्फटिक, हायड्रॉक्सिॲपेटाइट. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. निरोगी शरीरात अशा स्फटिकांचा पृष्ठभाग इतर अवयवांत सापडत नाही. त्यामुळे कॅल्शियमला चिकटणारा एखादा पदार्थ रक्तात आला की तो हाडात साठू लागतो.

ही गोष्ट माणसाला बरीच आधी कळली होती. १७३६ साली लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर यांनी नोंदवले, की मॅडर या वनस्पतीचा रंग खाण्यात आलेल्या डुकरांची हाडे लाल झाली होती. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली. तिच्या मुळांतील ॲलिझरिन हा रंग नव्याने तयार होणाऱ्या हाडातील कॅल्शियमला धरून बसतो. पुढच्या काळातले उदाहरण टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे. लहान वयात ते घेतलेल्या मुलांचे दात कायमचे पिवळट होतात, कारण औषध वाढत्या दातातल्या कॅल्शियमबरोबर तिथेच अडकते. तिसरे उदाहरण दुःखद आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करत. रेडियम हे मूलद्रव्य रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भाऊबंद. ते त्यांच्या हाडांत जाऊन बसले. जबड्याची हाडे कुजली, काहींना हाडांचा कर्करोग झाला.

तेव्हा हाडाचा पत्ता खराच आहे. पण तो औषधाला जसा सापडतो तसाच विषालाही सापडतो.

निसर्गाने हा पत्ता स्वतःही वापरला आहे. हाडात आढळणाऱ्या ऑस्टिओपाँटिन या प्रथिनात एका ठिकाणी ॲस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाची एकापाठोपाठ एक ओळ लागलेली असते. ॲस्पार्टिक आम्लावर ऋण प्रभार असतो, कॅल्शियम आयनावर धन. एकटे ॲस्पार्टिक आम्ल स्फटिकाला जेमतेम चिकटते, पण सहा, आठ, दहा ओळीने असले की पकड घट्ट होते. २००० साली जपानी संशोधकांनी केवळ सहा ॲस्पार्टिक आम्लांची साखळी दुसऱ्या रेणूला जोडून तो रेणू हाडाकडे वळवता येतो हे दाखवले. तेव्हापासून अशा आम्लधर्मी शेपट्या अनेक औषधांना जोडून पाहण्यात आल्या आहेत.

इथपर्यंत सारे ठीक आहे. आता बाणाच्या चित्राकडे वळू.

बाण नव्हे, कुसळ

बाणामागे धनुर्धर असतो. तो आधी लक्ष्य पाहतो, मग बाण सोडतो. रेणूला डोळे नसतात. शिरेत किंवा त्वचेखाली टोचलेले औषध रक्ताबरोबर सगळीकडे जाते. यकृतात जाते, मूत्रपिंडात जाते, स्नायूंत जाते आणि हाडातही जाते. इतर ठिकाणी ते फारसे रेंगाळत नाही, हाडात रेंगाळते. फरक आहे तो एवढाच. पावसाळ्यानंतर माळावरून चालताना धोतराला किंवा साडीला कुसळे चिकटतात. त्यांनी धोतरावर नेम धरलेला नसतो. ती पायालाही लागतात, काठीलाही लागतात, पण कापडात अडकून राहतात. 'लक्ष्यवेधी' औषधाचे वागणे अर्जुनाच्या बाणापेक्षा या कुसळासारखे असते.

हा फरक शब्दांचा खेळ नाही. पेप्टाइड नसलेले, पण हाडाला चिकटण्यात आदर्श मानले जाणारे एक औषध पाहू. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आई किंवा सासूबाई आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर एक गोळी घेत असतील आणि नंतर अर्धा तास आडव्या होत नसतील. ती गोळी बहुधा ॲलेंड्रोनेटची असते. बिस्फॉस्फोनेट या गटातले हे औषध हाडांची झीज कमी करते. ७० मिलिग्रॅमच्या गोळीपैकी रक्तात शिरते एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातले साधारण निम्मे लघवीवाटे निघून जाते. हाडात पोचते ते सुमारे पाव मिलिग्रॅम. याला कोणी नेमबाजी म्हणणार नाही. तरीही औषध गुण देते, कारण हाडात शिरलेला अंश तिथे टिकून राहतो. हाड कुरतडणाऱ्या पेशी खनिजाबरोबर तो गिळतात आणि निकामी होतात.

म्हणजे फायदा आला तो मुक्कामातून. आणि तोटाही मुक्कामातूनच आला. हे औषध हाडात वर्षानुवर्षे राहते. दीर्घकाळ ते घेणाऱ्या थोड्या रुग्णांत जबड्याच्या हाडाचा भाग मृत होणे, मांडीचे हाड विचित्र पद्धतीने मोडणे असे प्रकार २००० नंतरच्या दशकात नोंदले गेले. हे प्रकार विरळा आहेत आणि बहुसंख्य रुग्णांना औषधाचा फायदा तोट्याहून मोठा आहे. तेव्हा कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण काही वर्षांनंतर औषधाला विश्रांती द्यावी का, हा विचार डॉक्टर आता करतात तो याच कारणाने. 'औषध अचूक जागी गेले' एवढ्यावर गोष्ट संपवणाऱ्या लेखात हा अर्धा भाग येतच नाही.

एका दुर्मीळ रोगाची कथा

आता प्रत्यक्ष पेप्टाइड शेपटीकडे येऊ. तिचे सर्वांत गाजलेले यश हायपोफॉस्फटेशिया या रोगातले आहे. १९४८ साली कॅनडातील बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी या रोगाला नाव दिले. बाळाची हाडे मुडदुसासारखी मऊ, पण रक्ततपासणी मुडदुसाच्या अगदी उलट. मुडदुसात रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढलेले असते, या बाळात ते जवळजवळ नव्हतेच.

कारण नंतर उलगडले. आपल्या शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ तयार होत असतो आणि तो खनिजाचे स्फटिक वाढू देत नाही. अल्कलाइन फॉस्फटेज हाडात या पायरोफॉस्फेटचे तुकडे करते, अडसर दूर होतो आणि हाड पक्के होते. विकराचे जनुक सदोष असेल तर पायरोफॉस्फेट साचते. कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे, ड जीवनसत्त्व आहे, तरी हाड मऊच राहते. रोगाच्या तीव्र प्रकारात बाळाच्या बरगड्या इतक्या मऊ असतात की छाती श्वासाला आधार देऊ शकत नाही. कॅनडातील टोरांटो भागात तीव्र प्रकाराचे प्रमाण लाखात एक असे अंदाजले गेले होते.

विकर कमी आहे तर ते बाहेरून द्यावे, हा विचार साहजिक होता. पॅजेटच्या रोगात हाडांची उलथापालथ फार वाढते आणि रक्तात हे विकर भरपूर असते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मायकेल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील द्रव हायपोफॉस्फटेशियाच्या बाळांना देऊन पाहिला. बाळांच्या रक्तात विकर वाढले, पण रोगावर भरवशाचा परिणाम झाला नाही. निष्कर्ष असा निघाला की विकर रक्तात फिरून उपयोग नाही, ते हाडात असायला हवे. निसर्गात हे विकर पेशीच्या आवरणावर नांगर टाकून बसलेले असते, रक्तात मोकळे फिरत नाही. त्यामुळे निष्कर्ष पटण्याजोगा होता.

मग विकराला ॲस्पार्टिक आम्लाची शेपटी जोडली गेली. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील गटाने अशा विकराची मापे प्रसिद्ध केली. २००८ साली होजे लुइस मिलान यांच्या गटाने दहा ॲस्पार्टिक आम्लांची शेपटी असलेले विकर या रोगाच्या उंदरांना रोज टोचले. एरवी पिल्लेपणीच मरणारे ते उंदीर जगले आणि त्यांची हाडे सुधारली. २०१२ साली ११ बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी ९ बालकांच्या क्ष-किरण चित्रांत हाडे भरून येताना दिसली. २०१५ साली जपान, युरोप आणि अमेरिका येथे ॲस्फोटेज अल्फा या नावाने औषधाला मान्यता मिळाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत औषध मिळालेल्या ३७ बालकांपैकी पाच वर्षांपर्यंत जगण्याचे प्रमाण ८४ टक्के होते. औषध उपलब्ध होण्याआधीच्या ४८ बालकांत ते २७ टक्के होते.

ही तुलना निर्दोष नाही. दोन गट एकाच काळातले नव्हते, आणि मधल्या वर्षांत नवजात बाळांची शुश्रूषाही सुधारली होती. पण ८४ आणि २७ यांतले अंतर केवळ त्याने भरून निघण्यासारखे नाही. औषध बाळांना वाचवते, हे आपले दुसरे विधान. ते माझ्या मते पक्के आहे.

शेपटीचे श्रेय किती?

आता तिसरे विधान. शेपटीमुळे विकर हाडात पोचले 'म्हणूनच' बाळे वाचली का? बहुतेक लेख इथे बिनधास्त होकार देतात. १९८० च्या दशकात शेपटी नव्हती, उपचार फसला. नंतर शेपटी लावली, उपचार यशस्वी झाला. सरळ हिशेब.

पण या दोन उपचारांत बदललेली गोष्ट एकच होती का? पहिल्या वेळी विकर दुसऱ्या रुग्णांच्या रक्तातून घेतले होते, नंतरचे पेशींमध्ये मुद्दाम तयार केलेले होते. पहिल्या वेळी ते शिरेतून अधूनमधून दिले गेले, नंतर त्वचेखाली आठवड्यातून तीन किंवा सहा वेळा. मात्रा वेगळी होती. आणि नव्या औषधात शेपटीखेरीज आणखी एक जोड आहे. मानवी प्रतिपिंडाचा एक तुकडा त्यात गुंफलेला आहे. त्यामुळे असे प्रथिन रक्तात लवकर नष्ट होत नाही आणि त्याचा अर्धायुकाल काही दिवसांचा होतो. आठवीच्या मुलाने एका रोपाला खत घातले, जास्त पाणी दिले आणि कुंडी उन्हात सरकवली, दुसऱ्याला यातले काहीच केले नाही, आणि मग वहीत लिहिले की खतामुळे रोप वाढले, तर आपण त्याचे गुण कापू. तोच नियम इथेही लावायला हवा.

या प्रश्नावर प्रयोग झालेलेच नाहीत असे नाही. सेंट लुइसच्या २००६ च्या निबंधातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. काचेच्या नळीत शेपटीवाले विकर हायड्रॉक्सिॲपेटाइटला बिनशेपटीच्या विकरापेक्षा सुमारे ३० पट घट्ट चिकटले. जिवंत उंदरात, टोचल्यानंतर सहा तासांनी, हाडात राहिलेले शेपटीवाले विकर बिनशेपटीच्या तुलनेत सुमारे ४ पट होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पण नळीत खनिज आणि विकर यांखेरीज फार काही नसते, तर शरीरात रक्तातील शेकडो प्रथिने, यकृत, मूत्रपिंड आणि हाडाभोवतीची पेशींची आवरणे मध्ये येतात. लोकप्रिय लेखासाठी ३० हा आकडा उचलला जाण्याची शक्यता जास्त, रुग्णाच्या दृष्टीने जवळचा आकडा मात्र ४ चा.

दुसरा प्रयोग २०१५ चा, आणि तो मिलान यांच्याच प्रयोगशाळेतला. या वेळी त्यांच्या गटाने हाडाची शेपटी नसलेले, वेगळ्या घडणीचे अल्कलाइन फॉस्फटेज त्याच प्रकारच्या रोगी उंदरांना रोज टोचले. मात्रा मोठी होती. उंदीर अधिक काळ जगले, हाडे आणि दात दोन्ही सुधारले. म्हणजे पत्ता न लिहिलेले पाकीटही पोचले. ज्या गटाने शेपटीचे यश दाखवले त्यानेच हा प्रयोग करून प्रसिद्ध केला, याची नोंद घ्यायला हवी. चांगले विज्ञान आपल्याच आवडत्या कल्पनेला अशा अडचणीत टाकते.

यावरून शेपटी निरुपयोगी ठरते का? नाही. दोन प्रयोगांतली विकरे वेगळी होती. कदाचित शेपटीमुळे कमी मात्रेत काम होत असेल, आणि महागड्या औषधात मात्रा कमी होणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण १९८० च्या दशकातल्या अपयशाचे 'विकर हाडात नव्हते' हे एकमेव स्पष्टीकरण आता उरत नाही. 'विकर पुरेसे नव्हते आणि पुरेसा काळ नव्हते' हेही स्पष्टीकरण तितकेच दमदार आहे.

मग बाळांवरच चाचणी करून, निम्म्यांना बिनशेपटीचे औषध देऊन, प्रश्न एकदाचा सोडवावा का? नाही. एक गुणकारी औषध हाताशी असताना केवळ आपले कुतूहल भागवण्यासाठी मरणोन्मुख बाळाला दुसरे, या रोगाच्या बाळांत न पारखलेले औषध देणे अनैतिक होईल. हा प्रश्न अनुत्तरित राहणार, आणि तो तसा राहणेच योग्य आहे. फक्त अनुत्तरित प्रश्न सुटला असे लिहू नये.

आणखी एक गोष्ट. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत कॅल्शियम साठल्याचे आढळले आहे, म्हणून या अवयवांची वेळोवेळी तपासणी करण्याची शिफारस आहे. टोचल्या जागी त्वचेखालची चरबी बिघडते असेही दिसते. बाणाच्या चित्रात हाडाबाहेर काही घडायलाच जागा नसते.

पत्ता नसलेली यशे

हाडाच्या रोगावरील आणखी दोन पेप्टाइड औषधे पाहिली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

टेरिपॅराटाइड हा परावटू ग्रंथीच्या संप्रेरकाचा तुकडा. मूळ संप्रेरकात ८४ अमिनो आम्ले, यात पहिली ३४. त्याला हाडाच्या खनिजाकडे नेणारी शेपटी नाही. हाडातील आणि मूत्रपिंडातील पेशींवर या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही असतात, त्यांवर ते काम करते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाळी गेलेल्या आणि आधीच मणका मोडलेल्या १,६३७ स्त्रियांचा समावेश होता. औषधाविना १४ टक्के स्त्रियांचा नवा मणका मोडला, रोज २० मायक्रोग्रॅम औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. अमेरिकेत २००२ साली औषधाला मान्यता मिळाली.

आता गंमत पाहा. परावटू ग्रंथी वाढल्यामुळे हेच संप्रेरक शरीरात सतत चढे राहिले तर हाडे झिजतात. रोज एकदा टोचले, तासा-दोन तासांत ओसरले, तर हाडे बांधली जातात. रेणूचे काम तेच, पेशी त्याच, पत्ता तोच. फरक आहे तो वेळेचा. इथे 'कुठे' या प्रश्नापेक्षा 'किती वेळ' हा प्रश्न मोठा ठरतो.

दुसरे औषध व्होसोरिटाइड. ३९ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड २०२१ साली युरोप व अमेरिकेत ॲकाँड्रोप्लेशिया या खुजेपणाच्या विकारासाठी मान्य झाले. १२१ मुलांवरील चाचणीत एका वर्षात औषध घेणाऱ्या मुलांची वाढ इतरांपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर अधिक झाली. या विकाराचे मूळ हाडाच्या खनिजात नाही. ते लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेत आहे, आणि तिथे रक्तवाहिन्या पोचत नाहीत. औषधाच्या रेणूला तिथवर झिरपत जावे लागते. समजा, एखाद्याने उत्साहाने याला ॲस्पार्टिक आम्लाची शेपटी लावली. रेणू बहुधा खनिजात जाऊन अडकेल, आणि काम आहे ते शेजारच्या कूर्चेत. हाडाचा पत्ता हा प्रत्येक हाडाच्या रोगाचा पत्ता नव्हे.

खुद्द हाडातही एकच पत्ता नाही. हाड सतत एकीकडे कुरतडले जाते आणि दुसरीकडे बांधले जाते. प्रौढ माणसात वर्षाला साधारण दहावा हिस्सा हाड नवे होते. २०१२ साली हाँगकाँगमधील संशोधकांनी दाखवले, की ॲस्पार्टिक आम्ल आणि सेरिन यांची विशिष्ट क्रमाने रचलेली साखळी हाड बांधले जात असलेल्या पृष्ठभागाकडे अधिक जाते, तर आठ ॲस्पार्टिक आम्लांची सलग साखळी कुरतडल्या जाणाऱ्या पृष्ठभागाकडे. शोध देखणा आहे. पण तोही वरच्या तिन्ही विधानांतून उत्तीर्ण व्हायचा आहे. आजवर तो पहिल्यात पास झाला आहे आणि प्राण्यांत दुसऱ्याच्या दिशेने सरकला आहे.

शिक्षकांनी काय करावे?

हा वाद शास्त्रज्ञांनी आपापसांत घालावा, शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. हायपोफॉस्फटेशियाचे औषध अमेरिकेत वर्षाला लाखो डॉलरचे आहे. भारताच्या दुर्मीळ आजारांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात यादीतील आजारांसाठी दर रुग्णामागे मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपये करण्यात आली. अशा औषधांवर कोणत्या आजारासाठी, किती काळ, किती खर्च करायचा हे ठरवताना समाजाला 'थेट रोगाच्या जागी' या शब्दांपलीकडचे काही कळावे लागते. आणि घरात आजारी मूल असलेले आईवडील वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन गावात ज्यांच्याकडे जातात त्यांत डॉक्टरांइतकेच विज्ञानाचे शिक्षक असतात. त्यांना आशा दाखवताना ती कोणत्या विधानावर उभी आहे हे सांगता आले पाहिजे.

वर्गासाठी एक साधा पाठ सुचवतो. औषधाविषयीची एखादी बातमी फळ्यावर लिहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा. 'इतके पट' म्हणजे कशाच्या तुलनेत, आणि ते नळीत की प्राण्यात की माणसात? जे लक्ष्यावर पोचले नाही ते कुठे गेले आणि तिथे त्याने काय केले? आणि नव्या औषधात जुन्यापेक्षा किती गोष्टी एकदम बदलल्या? व्हिनेगरमधल्या हाडाचा प्रयोग याच तासाला दाखवता येईल. पण शेजारी एक हाड नुसत्या पाण्यातही ठेवा. ते नसेल तर हाड व्हिनेगरने मऊ झाले की नुसते भिजून, हे मुलांना कशावरून कळणार?

राहता राहिला शब्द. 'लक्ष्यवेधी' ऐवजी मी अशा औषधांना 'हाडात टिकणारे' म्हणणे पसंत करतो. शब्द फारसा देखणा नाही. पण तो ऐकल्यावर मूल लगेच विचारते, की किती दिवस टिकते, बाकीचे कुठे जाते, आणि टिकून काय करते.